पंप डिझेल ओढत नाही

आमच्या प्रोफेशनमध्ये सगळ्यात वाईट बग कुठला? जो नेहमी येतो तो नव्हे. तो बिचारा प्रामाणिक असतो, कुठे चुकलंय ते सांगतो. वाईट बग म्हणजे जो कधीतरी येतो आणि तुम्ही बघायला बसलात की गायब होतो. "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय" हे वाक्य याच बगने जन्माला घातलंय. असा एक बग मी पहिल्यांदा पाहिला तो कॉम्प्युटरवर नाही, मामाच्या ट्रकमध्ये. पण त्याआधी थोडा इतिहास... शनिवार आहे, वेळ आहे :)

गाडीत इंधन एका जागी असतं आणि इंजिन दुसऱ्या जागी. मधलं अंतर दोन-चार मीटर. पण एवढं अंतर पार करायला माणसाने बरंच डोकं घातलंय, आणि प्रत्येक नव्या उपायाने स्वतःचा एक नवा 'कधीतरी येणारा' बिघाड सोबत आणलाय.

सुरुवात साधी होती. 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर त्याच्याहून खाली, पेट्रोल आपलं उताराने जायचं. पंप नाही म्हणजे पंप बिघडणार नाही. पण टाकीत पेट्रोल कमी असेल आणि समोर मोठा चढ आला तर? गाडीचं नाक वर, टाकी खाली, इंजिन बंद. लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे चढ रिव्हर्समध्ये चढायचा! शुद्ध वर्कअराउंड.

मग आली व्हॅक्यूम टाकी. इंजिन हवा आत घेतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो. त्याचा उपयोग करून पेट्रोल मागच्या टाकीतून पुढच्या छोट्या टाकीत चढवायचं. कल्पना झकास, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की हा व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे लांब चढावर, जिथे पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं, तिथेच पुरवठा बंद. सपाट रस्त्यावर टेस्ट करा, एकदम ओके!

1920 च्या दशकाच्या शेवटी इंजिनवर चालणारा डायफ्रामचा पंप आला. आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटवाले त्याला 'एसी पंप' म्हणायचे. या एसीचा थंडाव्याशी काही संबंध नाही. अल्बर्ट शँपियन नावाच्या फ्रेंच माणसाची ही आद्याक्षरं. हा गडी 1899 ची पॅरिस-रूबे सायकल शर्यत जिंकलेला, पुढे अमेरिकेत जाऊन त्याने स्पार्क प्लगचा धंदा उभा केला. पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तापायचा. शिवाय ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलची पाइपमध्येच वाफ व्हायची आणि गाडी बसायची. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी मे महिन्यात बोरघाट चढलेल्या कुणालाही विचारा. बॉनेट उघडून, पंपावर ओलं फडकं टाकून, बाजूला उभं राहिलेलं कुटुंब हे दृश्य त्यांनी नक्की पाहिलेलं असणार. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू. मेकॅनिककडे नेली तर तोवर ती थंड झालेली, दोष सापडायचा कसा?

ट्रकचं मात्र वेगळं. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. पण त्यात इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची आणि त्या हवेसाठी भलामोठा कॉम्प्रेसर. असलं धूड रस्त्यावर कोण नेणार? ही अडचण सुटली ती छोट्या, मजबूत इंजेक्शन पंपामुळे. बॉशने 1922 मध्ये त्यावर काम सुरू करायचं ठरवलं आणि 1927 मध्ये कारखान्यातून पंप बाहेर पडू लागले. डिझेल स्वतः हे बघायला नव्हता. 1913 मध्ये इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला होता.

आपल्याकडे 1951 मध्ये बंगलोरला मायको कंपनी आली आणि 1954 मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला टाटाचे ट्रक बनू लागले. 1969 पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. हायवेवरच्या गॅरेजमध्ये आजही इंजेक्शन पंपाला 'मायको पंप' म्हणणारे मिस्त्री भेटतात. या पंपाच्या कुशीत एक छोटा फीड पंप असतो. टाकीतून डिझेल आणून मोठ्या पंपाला द्यायचं एवढंच त्याचं काम. त्याच्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो, एअर काढायला.

एअर! डिझेलला वाफेची भीती फारशी नाही, भीती हवेची. फीड पंपाच्या मागची पाइप कुठे चिरली असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ, आणि गाडी बंद.

आता मामाचा ट्रक. 2001 सालचा सहाचाकी, कराडहून पुण्याला माल नेणारा. 2017 च्या उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला होतो आणि सुट्टीला मामाकडे गेलो होतो. ट्रक अधूनमधून बंद पडत होता. तोही जवळजवळ ठरलेल्या पट्ट्यात, साताऱ्याच्या अलीकडे. पाऊण तास थांबलं की सुरू. सातारा ओलांडला की त्रास कमी. ड्रायव्हर काका दहा-अकरा वर्षं मामाकडे होते. ते म्हणायचे, "मालक, टाकी फुल्ल केली की जास्त नखरे करते बघा."

मामाने यातून काय अर्थ काढला असेल? ठरलेली जागा, पाऊण तासाचा मुक्काम आणि तेही टाकी फुल्ल असतानाच. त्याला आधीपासून डिझेलचोरीचा संशय होता. म्हणून तर त्याने दोन महिन्यांपूर्वी टाकीला कुलूपवालं नवं झाकण बसवलं होतं. चावी स्वतःकडे. कराडच्या पंपावर समोर उभं राहून टाकी भरायची आणि कुलूप लावायचं. मिस्त्रीने फिल्टर बदलले, फीड पंपाचं किट टाकलं, पाइप बदलली. दर वेळी गॅरेजमध्ये ट्रक सुरळीत. शेवटी मामा बोलू नये ते बोलला. काकांनी गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. मी तिथेच होतो. काही बोललो नाही.

नवा ड्रायव्हर आला आणि पहिल्याच फेरीत ट्रक त्याच पट्ट्यात बंद पडला!

पुढच्या वेळी मामा, म्हातारा मिस्त्री आणि मी, तिघंही केबिनमध्ये बसलो. साधारण चाळीस किलोमीटरवर इंजिन गचके खाऊन थांबलं. मिस्त्रीने ब्लीड स्क्रू सैल करून प्रायमर मारला. बुडबुडे नाहीत, फेस नाही. म्हणजे पाइप हवा घेत नाहीये. पण डिझेलही येत नाही. मग त्याने टाकीकडून येणारी पाइप फीड पंपापाशी सोडली. त्यातून डिझेल गळायच्या ऐवजी पाइपनेच हवा आत ओढली. मिस्त्री क्षणभर थांबला आणि म्हणाला, "टाकीची चावी आणा."

कुलूप फिरलं आणि आवाज आला... फुस्स्स.

नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं! खाली रबराचा जाड वॉशर, एकदम टाइट.

फीड पंप डिझेल ओढतो असं आपण म्हणतो, पण कुठलाच पंप काही ओढत नाही. तो फक्त पुढे जागा रिकामी करतो. मागून ढकलते ती हवा. पाण्याचा पंप दहाएक मीटरच्या वर पाणी का चढवत नाही हा प्रश्न गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात नोंदवला. टॉरिचेलीने 1644 मध्ये उत्तर दिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राचं वजनच पाणी वर ढकलतं. झाकणाचं ते बारीक भोक म्हणजे त्या समुद्राला टाकीत यायची वाट. मामाने नेमकी तीच बंद केली होती.

आणि फुल्ल टाकीचं काय? घरी येऊन मी बॉइलचा 1662 चा नियम लावला. टाकी गच्च भरली तर वर हवा उरते समजा दहा लिटर. चाळीस किलोमीटरला आठेक लिटर डिझेल जळलं की तीच हवा अठरा लिटरच्या जागेत पसरते, म्हणजे दाब निम्म्याच्या जरा वर. टाकी अर्धी असेल तर हवा ऐंशी लिटर. आठ लिटर गेले तरी दाब दहा टक्केही उतरत नाही. म्हणून टाकी फुल्ल असतानाच त्रास. म्हणून साताऱ्याच्या अलीकडेच. पाऊण तासात झाकणाच्या फटींतून थोडी हवा झिरपली की ट्रक पुन्हा चालू. आणि गॅरेजमध्ये मिस्त्री पहिली गोष्ट काय करायचा? मामाकडून चावी घेऊन, झाकण उघडून डिझेल बघायचा. बघायला गेलं की बग गायब!

पुढे पंपच टाकीत गेला. 1987 पासून जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये फ्यूएल इंजेक्शन आलं आणि टाकीत बुडालेला इलेक्ट्रिक पंप. ब्रश झिजले की तोही कधी फिरतो, कधी नाही. मग तिकडचे मेकॅनिक टाकीला खालून रबरी हातोडा मारतात. गाडी सुरू झाली तर दोष पंपाचा. शंभर वर्षांत आपण रिव्हर्समध्ये चढण्यापासून हातोड्यापर्यंत आलो, असो.

काकांनी दिलेली माहिती शंभर टक्के खरी होती. टाकी फुल्ल असली की बंद पडते हा त्या बिघाडाचा सगळ्यात अचूक बग रिपोर्ट होता. पण आम्ही रिपोर्ट वाचलाच नाही, रिपोर्ट देणाऱ्याकडे बघत बसलो. आता ऑफिसात कुणी युजर काहीतरी विचित्र सांगतो, "फक्त सोमवारीच होतं" वगैरे, तेव्हा टीममध्ये हशा पिकतो. मी तेवढ्यापुरता गप्प बसतो आणि ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मामा दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेला. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, झाकणाची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. पण परत आले नाहीत.