भायखळा रेल्वे स्थानक

भायखळा रेल्वे स्थानक : मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील मुंबईतील उपनगरी स्थानक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या उत्तरेस सुमारे ४ किमी.वर, सँडहर्स्ट रोड व चिंचपोकळी यांच्या दरम्यान. धीम्या गाड्यांबरोबर बहुतेक जलद लोकलही येथे थांबतात.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती भायखळ्यावरूनच. त्याआधी, १८५२ साली, मार्गबांधणीसाठी आणलेले ‘फॉकलंड’ हे इंजिन याच परिसरात धावू लागले आणि ते पाहायला गर्दी लोटली. सुरुवातीचे स्थानक लाकडी होते. दगडी इमारत १८५७ च्या सुमारास उभी राहिली. बोरीबंदरचे मूळ स्थानक केव्हाच गेले आणि त्याच्या जागची व्हिक्टोरिया टर्मिनसची (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची) भव्य वास्तू १८८७-८८ मधली, म्हणजे भायखळ्याच्या इमारतीहून तीस वर्षांनी धाकटी. नावलौकिक मात्र सगळा तिच्याच वाट्याला आला.

स्थानक झाले तेव्हा भायखळा ही बंगल्यांची वस्ती होती. १८३३ मध्ये निघालेला युरोपियनांचा भायखळा क्लब, घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, डेव्हिड ससून यांचा ‘सां सूसी’ हा वाडा (आज तेथे मसिना रुग्णालय आहे) असा तो थाट. पुढे कापडगिरण्या वाढल्या, चाळी उठल्या, शर्यती महालक्ष्मीला गेल्या आणि साहेबी भायखळा गिरणगावाची दक्षिणेकडची वेस बनला. पहिल्या वर्गाचे उतारू गेले. पाळीवर जाणाऱ्यांनी फलाट भरले. स्थानकाचा खरा इतिहास या पालटात आहे. आता गिरण्याही उरल्या नाहीत; जे. जे. रुग्णालयात जाणारे, मदनपुरा-नागपाड्याचे कारागीर, मंडईचे भाजीवाले आणि सुट्टीच्या दिवशी पोराबाळांसह राणीच्या बागेला निघालेली कुटुंबे येथे उतरतात. बागेला, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला, लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असून ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

उतरते छप्पर व कमानदार खिडक्या असलेल्या स्थानकाच्या इमारतीवर कालांतराने रंगांचे थर चढले, नाना जोडकामे झाली आणि मूळ रूप झाकले गेले. २०१९ मध्ये ‘आय लव्ह मुंबई’ ही संस्था व बजाज उद्योगसमूह यांच्या साहाय्याने, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार सुरू झाला. तो २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा जतन पुरस्कारांत स्थानकाला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. एरवी जतन म्हणजे वास्तू रिकामी करून भोवती दोरी बांधणे. येथे काम झाले ते स्थानक वापरात असताना. पुलावरून थेट फलाटावर उतरणाऱ्या रोजच्या प्रवाशाला ही दर्शनी बाजू मात्र सहसा दिसत नाही. ती पाहायची तर स्थानकाबाहेर येऊन मागे वळून पाहावे लागते.