बागेतले झाड, वरची तार : हाउन्सलोतील घरमालकाचे हक्क

ब्रिटनमध्ये खासगी बागेतले झाड वीजवाहिनीच्या धोकादायक जवळ आले, तर ते छाटण्याचा किंवा प्रसंगी तोडण्याचा अधिकार वीज वितरण कंपनीला आहे. मात्र घरमालकाची हरकत असल्यास कंपनीला तो एकतर्फी वापरता येत नाही. हरकत नोंदवण्यासाठी कायद्याने २१ दिवस दिलेले आहेत. अनेक घरमालक कंपनीचे पत्र बाजूला ठेवून देतात आणि नेमके हेच दिवस गमावतात.

वाद घालण्यापूर्वी तार कोणाची, हे पाहावे. हाउन्सलो बरोच्या बहुतांश भागातील वीजजाळे ‘स्कॉटिश अँड सदर्न इलेक्ट्रिसिटी नेटवर्क्स’ या कंपनीचे आहे. बिल पाठवणारी कंपनी वेगळी असते आणि तिचा तारांशी संबंध नसतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तारही महावितरणची आणि बिलही महावितरणचे. त्या सवयीमुळे आपल्यापैकी अनेकांची पहिली तक्रार चुकीच्या दारी जाते. शिवाय लंडनच्या या उपनगरांत वीज बहुतांशी जमिनीखालून येते. पदपथावरील लाकडी खांबावरून घराकडे जाणारी बारीक तार बहुधा दूरध्वनीची असते आणि तिचा कायदा निराळा आहे.

वीजवाहिनीसाठी १९८९चा वीज कायदा, त्याचे चौथे परिशिष्ट आणि त्यातील नववा परिच्छेद लागू होतो. झाडामुळे वाहिनीच्या कामात अडथळा येत असेल किंवा ते धोक्याचे कारण ठरत असेल, तर कंपनी जागेच्या भोगवटादाराला नोटीस देऊन झाड छाटण्यास वा तोडण्यास सांगू शकते. भोगवटादार भाडेकरू असेल, तर नोटिशीची प्रत मालकालाही द्यावी लागते. या कामाचा वाजवी खर्च कंपनीने सोसायचा असतो. २१ दिवसांत छाटणी झाली नाही आणि हरकतही आली नाही, तर कंपनी स्वतः छाटणी करू शकते. मालकाने वा भोगवटादाराने मुदतीत प्रतिनोटीस दिली, तर प्रकरण मंत्र्यांकडे जाते आणि दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच आदेश निघतो. फोनवर केलेल्या रागाच्या संभाषणाला प्रतिनोटीस समजू नये. हरकत लेखी आणि तारखेसह असावी, व पोच जपून ठेवावी.

‘झाड अजिबात कापू नका’ ही भूमिका सहसा टिकत नाही. फांद्यांमुळे पुरवठा खंडित होऊ नये, यासाठी वाहिनी आणि झाडे यांच्यात शक्य तितके पुरेसे अंतर राखण्याचे बंधन २००२च्या वीज सुरक्षा नियमांतील २००६च्या दुरुस्तीने कंपन्यांवर घातले आहे. नोव्हेंबर २०२१मधील ‘आर्वेन’ वादळात ब्रिटनमधील सुमारे दहा लाख घरांची वीज गेली. उन्मळलेली झाडे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे किती कापायचे, कोणत्या ऋतूत आणि कशा पद्धतीने, यावर भर देणारी हरकत अधिक वजनदार ठरते. छाटणी कसबी लाकूडतोड्याच्या रीतीने, झाडाचे व कुंपणाचे कमीत कमी नुकसान करून व्हावी, आणि जमिनीची हानी झाल्यास ती भरून द्यावी, असे हाच कायदा सांगतो. पक्ष्यांचे वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे १९८१च्या वन्यजीव कायद्यान्वये गुन्हा आहे. वसंतात आलेल्या नोटिशीला उत्तर देताना हा मुद्दा अवश्य मांडावा.

घरखरेदीची कागदपत्रेही तपासावीत. आधीच्या मालकाने कंपनीशी केलेला ‘वेलीव्ह’ करार नव्या मालकावर आपोआप बंधनकारक होतोच असे नाही; परंतु जमिनीच्या नोंदीत ‘ईझमेंट’ चढलेले असेल, तर ते जमिनीबरोबर येते.

दूरध्वनीच्या तारांना इलेक्ट्रॉनिक संदेशवहन संहिता लागू आहे. तिचे सध्याचे रूप डिसेंबर २०१७पासून अमलात आहे. रस्त्यावर झुकलेली फांदी तारेला अडथळा करत असेल, तर कंपनी नोटीस देऊ शकते. येथे हरकतीची मुदत २८ दिवसांची आहे, आणि हरकत आल्यास कंपनीला न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. नुकसान वा खर्च झाल्यास न्यायालयाकडे भरपाईही मागता येते.

कौन्सिलने संरक्षण आदेश दिलेले झाड स्वतःहून कापण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते. चिझिक वा आयझलवर्थमधील संवर्धन क्षेत्रांत सहा आठवडे आधी कळवावे लागते. अगदी बारीक खोडाची झाडे यातून वगळलेली आहेत. कायद्यात अपवाद आहेत, पण ‘वीज कंपनीनेच सांगितले’ एवढ्यावर विसंबू नये. झाड अधिकाऱ्याला आधी लिहून विचारावे. पदपथावरील झाड मात्र आपले नसतेच. त्याची देखभाल कौन्सिलच्या वतीने ‘हाउन्सलो हायवेज’ करते.

पुण्यात वा नाशकात घर असलेल्यांसाठी एक फरक नोंदवायला हवा. भारताच्या २००३च्या वीज कायद्यातील कलम ६८नुसार अशा अर्जावर कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला अधिकारी निर्णय देतो, आणि तार टाकण्यापूर्वीपासून झाड उभे असेल तर भरपाई ठरवली जाते. तेथे झाडाचे वय सिद्ध करणारा जुना फोटो मोलाचा ठरतो.

हाउन्सलोत छाटणी नियमबाह्य झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. आजवरच्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांत ती न सुटल्यास एनर्जी ओम्बड्समनकडे विनाशुल्क दाद मागता येते. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे जोडावीत. वीजवाहिनीजवळच्या फांद्या स्वतः शिडी लावून कापू नयेत. तार तुटलेली दिसल्यास दूर राहून १०५ क्रमांकावर कळवावे. आणि कापलेले लाकूड कोठे टाकायचे वा ठेवायचे, हे सांगण्याचा हक्क मालकाचा आहे.