ताम्रपटाची कडी : किल्ली नसलेले कुलूप

वर्धा शहराच्या नैर्ऋत्येस असलेले देवळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते तेथील ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने राज्यावर आल्यानंतर वर्षभरातच, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० मध्ये, आपला बंधू जगत्तुंग याच्या पुण्यार्थ एक गाव दान दिले. त्या दानाची सनद म्हणजे हा ताम्रपट. रा. गो. भांडारकर यांनी तो संपादित करून प्रसिद्ध केला. दान दिलेले गाव ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विभागात असल्याचा उल्लेख त्यात आहे. नागपूर या नावाचा आरंभीचा लेखी पुरावा म्हणून देवळीच्या ताम्रपटाचा दाखला नेहमी दिला जातो, तो या एका शब्दासाठी. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. सीमेवर सांगितलेली कंदना नदी ही कन्हान समजली जाते.

अशा सनदेवरील मजकुराची चर्चा पुष्कळ होते. ती जिच्यामुळे विश्वासार्ह ठरत असे, त्या कडीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ताम्रशासन एकाहून अधिक पत्र्यांचे असेल, तर प्रत्येक पत्र्याला भोक पाडून सर्व पत्रे एका जाड कडीत ओवले जात. कडीची दोन्ही टोके डाख देऊन जोडत आणि त्या सांध्यावरच राजमुद्रा बसवीत. पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरीच असे, म्हणजे अक्षरे झिजत नसत. कडी तोडल्याशिवाय एकही पत्रा काढता येत नसे की नवा घालता येत नसे. थोडक्यात, हे धातूचे कुलूपच होते. फरक इतकाच, की त्याला किल्ली नव्हती. ते उघडायचे तर छिन्नीनेच, आणि तसे उघडले की ते लपत नसे.

एवढी दक्षता अनाठायी नव्हती. दानपत्र कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर लिहून त्यावर राजाने आपली मुद्रा उमटवावी, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. बनावट राजशासन करणाऱ्याला मनुस्मृतीत देहदंड आहे. उत्तर प्रदेशातील मधुबन येथे सापडलेल्या सातव्या शतकातील ताम्रपटात सम्राट हर्षाने एका गावावरील खोटे शासन मोडून ते गाव दुसऱ्यांना दिल्याचे नोंदले आहे. जमिनीचे बनावट कागद ही काही आजची कला नव्हे.

वर्धा जिल्ह्याला ही परंपरा त्याहून जुनी आहे. हिंगणघाट परिसरातील जांब येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा, पाचव्या शतकातील ताम्रपट मिळाला. पवनार आणि आष्टी तालुक्यातील बेलोरा येथेही याच राजाचे ताम्रपट सापडले. वाकाटकांच्या मुद्रेवर ‘हे शासन प्रवरसेनाचे’ अशा आशयाचा श्लोकच असे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख १९६३ मध्ये एका ग्रंथात एकत्र प्रसिद्ध केले. जांबच्या लेखातील उमा नदी म्हणजे आजची वणा आणि मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव, असा मेळ त्यांनीच घातला. नद्या आणि गावांची नावे दीड हजार वर्षे टिकतात, हे पाहून आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

हा मेळ लागतो तो सर्व पत्रे हाती असले तर. नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदकामात ताम्रपट लागला, की पहिला घाव बहुधा कडीवरच बसतो. कित्येक ताम्रपट अभ्यासकांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्या कड्या आधीच तुटलेल्या होत्या. सुटे झालेले पत्रे वाटून घेतले जातात. एखादा मोडीत जातो. वाकाटक दानपत्रात वंशावळ आधी, गावाच्या सीमा पुढे आणि राज्यवर्ष अखेरीस येते. त्यामुळे पहिलाच पत्रा उरला, तर आधीपासून माहीत असलेल्या राजांची नावे तेवढी मिळतात. जमीन कोणती आणि वर्ष कोणते, हे शेवटच्या पत्र्याबरोबर जाते.

१८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. वस्तू शासनाने घेतल्यास मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. वजनावर विकलेल्या तांब्याला मात्र तांब्याचाच भाव मिळतो.