विमानाच्या निर्दोषपणाची सही

दर्याला नारळ अर्पण करून कोंकणी तांडेल होडी पाण्यांत लोटतो, तत्पूर्वीं जाणता सुतार तिचा तळ पाहून घेतो. त्याच्या शब्दावर खलाशी आपला जीव सोंपवितात. आकाशांतील नौकेसहि असाच जाणता लागतो. अंतर इतकेंच कीं, त्याचा शब्द कायदा लेखी मागतो.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं कराचीहून टपालाचें विमान जुहूस उतरविलें. त्या काळीं विमान तपासणाऱ्यास ‘ग्राउंड इंजिनियर’ म्हणत. पुढें १९३४ चा कायदा व १९३७ चे नियम झाले. त्यांतील एकसष्टाव्या नियमानें या परवान्यास बैठक दिली. जुन्या पद्धतींत त्याचे पांच वर्ग होते. ‘ए’ वर्गाकडे सांगाड्याची नित्य तपासणी, ‘सी’कडे इंजिनाची, तींच अंगें पूर्ण उलगडून पुन्हा जुळविण्याचें काम अनुक्रमें ‘बी’ व ‘डी’ यांचें, आणि होकायंत्र, मापनयंत्रें, वीज व रेडिओ हीं ‘एक्स’कडे. आतां युरोपीय धर्तीवर यंत्रभागासाठीं ‘बी-१’ व विद्युत्-उपकरणांसाठीं ‘बी-२’ असे मुख्य वर्ग आहेत. १९३४ च्या कायद्याची जागाहि ता. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली.

मात्र सहीचें मर्म पालटलें नाहीं. परवाना हातीं आला म्हणून वाटेल त्या विमानावर सही करतां येत नाहीं. ज्या जातीच्या विमानाचें शिक्षण घेतलें, तिची नोंद परवान्यावर व्हावी लागते. शिवाय मागील दोन वर्षांत सहा महिने तरी प्रत्यक्ष काम केलेलें असावें लागतें. हात बसून राहिला, तर कागद व्यर्थ.

ही कथा आज रायगडच्या किनाऱ्याशीं येऊन भिडली आहे. पनवेल तालुक्यांत उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. नवी मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या शेतकऱ्यांनीं १९८४ सालीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं न्याय्य मोबदल्यासाठीं लढा दिला. जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जण हुतात्मे झाले.

भूमि गेली, तिचा मोबदला पैशांत मोजला गेला. पण त्या गांवांचीं मुलें विमानतळावर केवळ ओझीं वाहणार, कीं विमानाच्या निर्दोषपणाची सही करणार, हा प्रश्न पैशानें सुटणारा नव्हे. या शिक्षणाचें दार गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलामुलींस उघडें आहे. ज्या किनाऱ्यानें होडीचा तळ पारखणारे डोळे पिढ्यान्‌पिढ्या घडविले, त्यास ही विद्या परकी वाटण्याचें कारण नाहीं.