चेक पूर्वजांचा शोध : चर्चच्या जुन्या हस्तलिखित वह्या वाचायच्या कशा?

१९व्या शतकात बोहेमिया आणि मोराविया, म्हणजे आजच्या चेकियातून, हजारो कुटुंबं अमेरिकेत गेली. टेक्सास, नेब्रास्का, शिकागो इथे त्यांचे वंशज आजही आहेत. पणजोबांबद्दल त्यांच्या हाती बऱ्याचदा एवढंच असतं : नाव, अंदाजे साल आणि 'जन्म : बोहेमिया'. कधी तर नुसतं 'ऑस्ट्रिया', कारण तेव्हा हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा होता.

पुढचा माग चर्चच्या वह्यांत सापडतो. चेक भाषेत त्यांना 'मत्रिकी' म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या या नोंदी. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं कॅथलिक पाद्र्यांना बंधनकारक केलं. प्रत्यक्षात बऱ्याच गावांच्या वह्या १७व्या शतकापासूनच मिळतात. आज त्या प्रादेशिक अभिलेखागारांत आहेत : प्राग, पिल्सेन, त्रेबोन्य, लितोम्येर्झित्से, झामर्स्क, ब्रनो आणि ओपावा. प्राग शहराचं अभिलेखागार वेगळं. बहुतेक वह्यांची पानं इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

अडचण अशी की अभिलेखागाराच्या साइटवर माणसाचं नाव टाकून शोधण्याची सोय सहसा नसते. वह्या चर्चच्या हद्दीप्रमाणे लावलेल्या असतात. म्हणजे आधी गाव माहीत हवं, आणि तेही नेमकं. ल्होता नावाची गावं शंभराहून जास्त आहेत. नवं गाव वसवणाऱ्यांना काही वर्षं सारा माफ असे, त्या मुदतीवरून हे नाव पडलं. म्हणून शोध अमेरिकेतच सुरू करावा. टेक्सासमधल्या चेक थडग्यांवर अनेकदा जन्मगाव कोरलेलं असतं. अमेरिकेतल्या चर्चच्या लग्नाच्या नोंदी आणि हॅम्बर्ग बंदराच्या प्रवासी याद्याही कामी येतात.

गाव मिळालं, पान उघडलं की समोर येते लिपी. जर्मन मजकूर कुरेंट लिपीत असतो. जुना चेक मजकूरही तिच्याच जवळच्या वळणात असतो. मोडी पाहून आजच्या मराठी माणसाचं जे होतं, तेच ही लिपी पाहून आजच्या चेक माणसाचं होतं. 'ई' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं, 'यू' आणि 'एन' तर फक्त डोक्यावरच्या छोट्या कंसावरून ओळखायचे. पुस्तकातला तक्ता पाठ करून फारसं भागत नाही. त्यापेक्षा त्याच पाद्र्याच्या हातचे माहीत असलेले शब्द, म्हणजे गावाचं नाव, महिने, नेहमीची नावं, शोधून त्यांवरून त्याची अक्षरं ओळखावीत. पाद्री बदलला की हा उद्योग पुन्हा.

महिन्यांतही फसगत होते. '७बर' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. तसंच ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर.

नावं तर भाषेप्रमाणे बदलतात. एकच माणूस चेकमध्ये यान, जर्मनमध्ये योहान आणि लॅटिनमध्ये योआनेस. वात्स्लावचा वेंझेल होतो. वोइत्येखचा आडालबर्ट होतो, आणि हे माहीत नसेल तर माणूस हातून निसटलाच. चेकमध्ये विभक्तीप्रमाणे नावाचं रूपही बदलतं. 'यान नोवाकचा मुलगा' हे 'याना नोवाका' असं लिहिलं जातं. नवखा माणूस 'याना' ही बाई समजतो, कारण ते बायकांचंही नाव आहे. शिवाय दुसऱ्याच्या शेतीवाडीवर घरजावई म्हणून गेलेला पुरुष कधी त्या घराचंच आडनाव लावू लागे.

मग एकाच गावातल्या दोन यान नोवाकांतला आपला कोणता? इथे घर क्रमांक मदतीला येतो. १७७०च्या सुमारास सैन्यभरतीसाठी हॅब्सबर्ग राजवटीनं घरांना क्रमांक दिले. पुढे १७८४ साली सम्राट दुसऱ्या योसेफनं वह्यांना रकाने ठरवून दिले आणि प्रत्येक गावासाठी वेगळी वही सांगितली. घर क्रमांकाला त्यात स्वतःचा रकाना मिळाला. आडनावाचं स्पेलिंग दर नोंदीत बदलेल, घर मात्र सहसा तेच राहतं. काही गावांत क्रमांक नंतर बदलले, तेवढं लक्षात ठेवावं.

सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. मूल दगावलं तर पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची पद्धत होती. १८२१ साली जन्मलेला फ्रांटिशेक सापडला, आईबाप जुळले, घरही जुळलं. पण तो दोन वर्षांचा असताना गेला असेल, तर खरा पणजोबा १८२४चा दुसरा फ्रांटिशेक असू शकतो. आणि आईबापच चुकीचे धरले गेले, तर त्यामागची सगळी वंशावळ दुसऱ्याच घराण्याची होते. म्हणून जन्माची नोंद मिळाली तरी मृत्यूची वही चाळायचीच. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

मृत्यूच्या वहीत कारणही लिहिलेलं असतं : लहान मुलांत आकडी, मोठ्यांत अंग झिजत जाणं (पुष्कळदा हा क्षयच असावा), म्हाताऱ्यांत नुसतं 'वार्धक्य'. जन्माच्या नोंदीत १७८४ नंतर सुईणीचं नावही येऊ लागतं. वडिलांचा रकाना कोरा असेल तर आई अविवाहित होती असं समजायचं. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांकडे, म्हणजे गॉडपेरेंट्सकडे, पाहावं. ते बहुधा नात्यातले किंवा शेजारचे असत.

१७८४च्या मागे गेलं की रकाने जातात आणि सलग मजकूर सुरू होतो, अनेकदा त्रोटक. काही जुन्या सूची तर आडनावाऐवजी पहिल्या नावानं लावलेल्या असतात, मग सगळे योहान एकाखाली एक.

अलीकडच्या नोंदी मात्र खुल्या नाहीत. वहीतल्या शेवटच्या नोंदीनंतर जन्माच्या वह्या १०० वर्षं आणि लग्नाच्या ७५ वर्षं नोंदणी कार्यालयातच राहतात. तोवर त्यातली माहिती हवी असेल, तर नातवंडं-पतवंडं अशा थेट वंशजांना नातं सिद्ध करून तिथे अर्ज करावा लागतो.