आठव्या प्रश्नातले प्रमेय

बहुचल कॅलक्युलसच्या अभ्यासक्रमात स्टोक्सचे प्रमेय बहुधा शेवटच्या प्रकरणात येते. पृष्ठभागावरच्या कर्लची सगळी बेरीज त्याच्या काठावरून मारलेल्या एका फेरीतून मिळते, एवढेच ते सांगते. ते मांडले मात्र स्टोक्सने नव्हे. २ जुलै १८५० रोजी विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, स्टोक्सला लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात ते आले.

स्टोक्स केंब्रिजला प्राध्यापक होता. फेब्रुवारी १८५४ मध्ये स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत त्याने हेच विधान आठवा प्रश्न म्हणून घातले: सिद्ध करा. पेपर सोडवणाऱ्यांत बावीस वर्षांचा जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. पारितोषिक त्याला आणि एडवर्ड राउथला विभागून मिळाले. पुढे १८७३ मध्ये विद्युत-चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ लिहिताना मॅक्सवेलने तळटीपेत या प्रमेयाचे श्रेय स्टोक्सच्या त्या आठव्या प्रश्नाला दिले. छापील सिद्धता त्याआधीच, १८६१ मध्ये, हरमान हांकेलने द्रवांच्या गतीवरच्या निबंधात दिली होती. तरी नाव प्रश्न काढणाऱ्याचेच चिकटले. मला यात थॉमसनवर अन्याय दिसतो.

पृष्ठभाग सपाट असला की हेच प्रमेय ग्रीनचे होते. जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळच्या स्नाइंटनचा, पवनचक्कीवर पीठ दळणाऱ्या घरातला. शाळा जेमतेम वर्षभर. १८२८ मध्ये त्याने विद्युत आणि चुंबकत्वावरचा निबंध वर्गणीदार जमवून स्वतःच छापला, वर्गणीदार पन्नासेक. चाळिशीला तो केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८४१ मध्ये वारला, तेव्हा त्या निबंधाचे मोल फारसे कुणाला कळलेले नव्हते. १८४५ मध्ये त्याची प्रत थॉमसनच्याच हाती लागली आणि त्याने तो जर्मनीतल्या क्रेलेच्या नियतकालिकात पुन्हा छापवून आणला. सपाट क्षेत्राचे जे सूत्र आज ग्रीनच्या नावाने शिकवतात, ते या निबंधात त्या रूपात नाही. ते कोशीने १८४६ मध्ये सिद्धतेविना छापले आणि रीमानने १८५१ च्या प्रबंधात सिद्ध केले.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच: आधी एका सपाट चकतीवर प्रमेयाच्या दोन्ही बाजूंची गणिते स्वतः करा, मग त्याच काठावर अर्धगोल चढवून पुन्हा करा. उत्तर बदलत नाही, आणि का बदलत नाही, हाच स्टोक्सने विचारलेला प्रश्न आहे.