कीर, धनंजय

(२३ एप्रिल १९१३ – १२ मे १९८४). विख्यात चरित्रकार. मूळ नाव अनंत विठ्ठल कीर. जन्म रत्नागिरीस. मुंबई महानगरपालिकेत नोकरी करीत त्यांनी चरित्रलेखन केले. सावरकर (१९५०), आंबेडकर (१९५४), टिळक (१९५९), फुले (१९६४), गांधी (१९७३) व राजर्षी शाहू (१९७६) यांची त्यांची इंग्रजी चरित्रे गाजली. आंबेडकरांचे चरित्र नायकाच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. परस्परविरोधी विचारांच्या नायकांना एकाच लेखकाने समरसून न्याय द्यावा, हे त्यांचे असाधारण वैशिष्ट्य. कागदपत्रांचा आधार आणि ओघवती शैली यांमुळे सामान्य वाचकाला आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास चरित्रांतून उमगला. स. गं. मालशे यांच्यासह त्यांनी महात्मा फुले समग्र वाङ्मय (१९६९) संपादिले. पद्मभूषण (१९७१). कृतज्ञ मी, कृतार्थ मी हे आत्मचरित्र.